हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: नाशिकहून निघण्याआधी भरतीचं गणित कसं मांडायचं आणि कड्याखालची वाट कशी चालायची

हरिहरेश्वरच्या देवळामागून टेकडीवर चढायचं, कातळातल्या घळीतून पायऱ्या उतरून थेट समुद्रापाशी यायचं आणि कड्याच्या पायथ्याने वळसा घालून वाळूवर येऊन परत देवळात पोचायचं, एवढीच ही वाट. पांडवलेण्यांच्या पायऱ्या जो चढतो त्याला ती जड जात नाही. न थांबता पाऊण तास, मुलंबाळं आणि फोटो धरून सव्वा ते दीड तास.

तरीही नाशिकहून जाणाऱ्यांपैकी बरेच जण ती चुकीच्या वेळी चालायला जातात. आपल्याला पाणी कळतं ते गोदेचं. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की आधी बातमी येते, मग गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, असं गावभर होतं. पाऊस नाही म्हणजे पूर नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. समुद्र मात्र आभाळ स्वच्छ असतानाही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. भरतीला या वाटेचा खालचा भाग लाटांच्या माऱ्यात येतो. तिथून माणसं वाहून गेली आहेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका.

१. आधी तिथी, मग खोली

बहुतेक जण सुट्टी बघतात, खोली ठरवतात आणि भरती-ओहोटीची चौकशी तिथे गेल्यावर करतात. इथेच सहल बिघडते. पहिलं काम भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून तिथी बघण्याचं.

कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असंच मोजायचं. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा.

करून बघू. तृतीया: तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे रात्री सव्वादोनला भरती, सकाळी साडेआठला ओहोटी, दुपारी अडीचच्या सुमारास पुन्हा भरती. अष्टमी: आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी सव्वाबाराला ओहोटी. त्रयोदशी: पावणेदहाला भरती, दुपारी चारला ओहोटी. पौर्णिमा: सव्वाअकराला भरती, ओहोटी पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच.

आता यातले कोणते दिवस घ्यायचे? मी द्वितीया ते पंचमी धरतो. ओहोटी सकाळी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान येते, ऊन चढलेलं नसतं, आणि पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे असल्याने पाणी मागेही भरपूर जातं. दुसरी निवड द्वादशी ते चतुर्दशीची दुपार. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी चांगली मोठी असते, पण ती पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीला. परतताना उजेड गेला तर सोपी वाटही सोपी राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते: पाणी कमी चढतं, कमी उतरतं, आणि ओहोटी नेमकी भर दुपारी. काळा कातळ तेव्हा तव्यासारखा तापलेला असतो.

रविवारी सकाळी चालायचं असेल तर महिन्यात साधारण एखादाच रविवार जमून येतो. तो सापडला की मगच खोलीसाठी फोन करा.

सावधान: हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. सहलीचा दिवस निवडायला तो पुरेसा आहे, खाली उतरायची वेळ ठरवायला पुरेसा नाही.

२. पक्की वेळ तीन ठिकाणी ताडून बघा

दिवस ठरला की भरती-ओहोटीचं अ‍ॅप किंवा तक्ता उघडा आणि श्रीवर्धन किंवा त्याच्या जवळचं बंदर निवडा. ‘कोकण’ म्हणून मुंबईची वेळ धरून चालू नका.

एक चूक मी घरातच पाहिली आहे. धाकट्या भावाने परदेशी संकेतस्थळावरून तक्ता छापून आणला. आकडे बरोबर होते, पण ते जागतिक प्रमाणवेळेचे होते. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. भरती आणि ओहोटीत अंतर सव्वासहा तासांचं, त्यामुळे साडेपाच तासांची चूक म्हणजे ओहोटी समजून जवळजवळ भर भरतीत पाय टाकणं. तिथीच्या हिशेबाशी ताडलं तेव्हा ते ध्यानात आलं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी लिहा. एका तासाहून जास्त फरक आला तर काहीतरी चुकलं आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे तिथली माणसं. आदल्या संध्याकाळी खोलीच्या मालकांना, देवळातल्या गुरुजींना किंवा मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारा. मात्र “प्रदक्षिणा करता येईल का?” असं मोघम विचारू नका. “उद्या पाणी किती वाजता पुरतं उतरेल, आणि किती वाजेपर्यंत वर यायला हवं?” असं विचारा. मोघम प्रश्नाला “येईल की” असंच उत्तर येतं.

तपासणी: कागदावर तीन वेळा लिहिलेल्या हव्यात: उतरायची, ओहोटीची आणि वाळूवर पोचलेलं असण्याची. उतरायचं ओहोटीच्या सव्वा ते दीड तास आधी. वाळूवर यायचं ओहोटीच्या वेळेपर्यंत, फार तर त्यानंतर अर्ध्या तासात. ओहोटी साडेआठची असेल तर सात ते सव्वासातला घळीपाशी, नऊच्या आत वाळूवर.

‘ओहोटी साडेआठला, मग साडेआठला निघू’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्या क्षणापासून पाणी परत चढायला लागतं. पहिला तास ते फसवतं. खलाशांचा जुना हिशेब आहे: चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. तासाभराने “अजून कुठे काय चढलंय” म्हणत बसलेल्या माणसाला पुढचा वेग दिसलेलाच नसतो.

३. ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन त्रास देतं, मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो, आणि जून ते सप्टेंबर ही वाट चालायचीच नाही, ओहोटी कितीही मोठी असो. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिकी मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेची वाट बघत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ज्यांचा जन्म त्या पाण्यावर गेला ते उतरत नाहीत, तेव्हा आपण पावसाळी सहलीत तिथे जाणं बरं नव्हे. पावसाळ्यात देवदर्शन करा, समुद्र वरून बघा.

४. नाशिकहून आदल्या दिवशी निघा

कसारा घाट, भिवंडी किंवा कल्याण, पनवेल, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव आणि मग म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग घेतला तर घाटातला वेळ वाचतो, पनवेलच्या पुढे मात्र रस्ता जसा असेल तसा. चहापाणी-जेवण धरून आठ तास राखून ठेवा.

नाशिककरांची ठरलेली चूक म्हणजे पहाटे चारला निघायचं, साडेबाराला पोचायचं, मोदक-आमटीवर ताव मारायचा आणि “आलोच आहोत तर” म्हणून दोन-अडीचला प्रदक्षिणेला जायचं. आमचंही पहिल्या वेळी असंच झालं, आणि तिथी होती तृतीया. आत्या बरोबर होत्या, त्यांना प्रदक्षिणा पुरी करायचीच होती. घळीच्या वरच्या तोंडाशी एक गुरुजी बसले होते. ते एवढंच म्हणाले, “आजी, पाच मिनिटं इथे बसा आणि खाली बघा.” आम्ही बसलो. खालच्या शेवटच्या चार पायऱ्या दिसत होत्या. लाट आली आणि घळीच्या दोन भिंतींमध्ये दाबली गेल्यामुळे बाहेरच्या पाण्यापेक्षा दुप्पट उंच उसळली. पायऱ्या फेसाखाली गेल्या, आणि पाणी मागे हटताना मूठ-मूठभर दगड खडखडत बरोबर ओढले गेले. आत्यांनी तिथूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पायऱ्या कोरड्या होत्या आणि खाली खेकडे फिरत होते.

म्हणून शनिवारी पोचा, रविवारी सकाळी चाला.

५. पाय, कपडे, पिशवी

पायात खाच असलेल्या मऊ रबरी तळाचे बूट हवेत. गुळगुळीत झालेले जुने बूट “भिजले तरी चालतील” म्हणून आणतात, तेच घसरतात. घरून निघण्याआधी गोदाघाटावरच्या ओल्या पायरीवर बूट घालून उभं राहा आणि टाच फिरवा. सरकली तर दुसरी जोडी घ्या.

अनवाणी प्रदक्षिणेचा भाव मला समजतो, माझी आई तशीच करायची. पण भरतीरेषेच्या खालच्या खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. पाय कापला की तोल जातो. देवळात अनवाणी, कातळावर बूट, असं करा.

साडी किंवा पायघोळ कपडे असतील तर घोट्याच्या वर खोचा. ओढणी कमरेला बांधा. पिशवी पाठीवर, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्यात माणशी अर्धा लिटर पाणी, पट्टी-मलम, आणि पाच लिटरचा एक रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावून, मुठीला दहा-बारा मीटर दोरी बांधून. त्याचा उपयोग पुढे सांगतो. मोबाइल चेनच्या पाकिटात.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी चांगली, पण तिच्या टोकाला रबर हवं.

६. घळीच्या वर पंधरा मिनिटं

ही पायरी सगळे वगळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची.

आधी कालभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, हा तिथला रिवाज. त्यानंतर टेकडीवर चढून उतरणीच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला या आणि थांबा. इथून खाली गेलात की उजवीकडे कडा आणि डावीकडे समुद्र. बाहेर पडायला दोनच मार्ग उरतात, पुढे जाणं किंवा याच पायऱ्यांनी परत येणं. मधे कुठेही कड्यावर चढता येत नाही. त्यामुळे जायचं की नाही ते इथेच ठरवायचं.

खालच्या कातळावर एक ठळक दगड निवडा. हा तुमचा दुतोंड्या मारुती. पंधरा मिनिटं त्याच्यावरची नजर काढू नका. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. सात-आठ लहान येतात, मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक. पाच मिनिटं बघणाऱ्याला फक्त लहानच दिसू शकतात. पंधरा मिनिटांत सगळ्यात मोठी लाटही त्या दगडाला शिवली नाही आणि पाण्याची कड मागे सरकत गेली, तर उतरा.

परत फिरा, जर:
– वाट जिथून जाते तो कातळ ओला चकचकीत दिसत असेल,
– पायऱ्यांच्या तळाशी फेस येत असेल,
– वारा एवढा असेल की टोपी धरावी लागते,
– फलक, दोरी किंवा तिथला कोणी माणूस “नको” म्हणत असेल.

यातलं एकही असलं तरी परत फिरा. वरूनच परत फिरलात आणि प्रदक्षिणा राहिली म्हणून देव रागावत नाही, असं तिथले गुरुजी स्वतःच सांगतात.

७. उतरणं आणि कड्याखालची वाट

पायऱ्यांवर एकामागोमाग एक उतरा. घळ अरुंद आहे, समोरून येणाऱ्याला आधी वाट द्या. लहान मुलामागे एक मोठा माणूस, मुलाचा हात धरून. खाली पोचल्यावर मूल कड्याच्या बाजूला, मोठा समुद्राच्या बाजूला. हे चालताना सतत उलटं होत राहतं, म्हणून कोणीतरी एकाने तेवढंच काम घ्या.

समोर जो सपाट कातळ पसरलेला दिसतो तो शाळेच्या भूगोलातला तरंगघर्षित मंच. लाटांनी कडा पायथ्याशी खात-खात मागे नेला आणि हे जोतं उरलं. दगड आपल्याच ओळखीचा, ब्रह्मगिरीचा आणि पांडवलेण्यांचा तोच काळा बेसॉल्ट. फक्त इथे त्याच्यावर मिठाने काम केलं आहे. कड्याला हात लावून बघा: मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं पडलेली दिसतील, काही बोट जाईल एवढी, काही मूठ मावेल एवढी, आणि मधल्या भिंती पापडासारख्या पातळ. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत मुरतं, उन्हात सुकतं, मिठाचे खडे आत वाढतात आणि दगडाचा कण-कण सुटतो. बघा, फोटो काढा, पण त्या भिंतींना धरून चढू नका. त्या बोटाच्या दाबाने तुटतात, आणि एकदा तुटल्या की गेल्या.

पाय कुठे टाकायचा ते रंगावरून ठरवा. करडा, कोरडा, खरबरीत कातळ उत्तम. काळा ओला कातळ म्हणजे नुकतीच लाट येऊन गेली आहे, तिथे थांबू नका. हिरवा म्हणजे शेवाळ, त्यावर पाऊल टाकायचंच नाही. एक पाऊल लांब पडलं तरी चालेल. पांढुरके खवले (दगडाला चिकटलेले बारीक कवचाचे समुद्री जीव) आणि कालवं असलेल्या दगडावर पकड मिळते, पण तिथे हात टेकू नका. आणखी एक, जिथे ते खवले आहेत तिथे समुद्र रोज येतो. तुमच्या डोक्याच्या उंचीवर कड्याला खवले दिसले तर भरतीला तिथे किती पाणी असेल ते वेगळं सांगायला नको.

डबक्यांत लहान मासे, शंख, खेकडे दिसतात, मुलं तिथेच रमतात. रमू द्या, पण कड्याच्या आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यातल्या डबक्यांवर, पाण्याच्या कडेच्या नव्हे. गुडघे टेकून वाकलेल्या मुलाला लाट दिसत नाही, तेव्हा पाठीशी उभ्या माणसाने समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं.

सावधान: कपारीत आणि गुहेसारख्या खोबणीत शिरू नका. बाहेर गुडघाभर असलेलं पाणी आत छातीपर्यंत उसळतं. कड्याच्या अगदी खाली डबा खायलाही बसू नका, वरून दगड सुटतात.

फोटो काढताना समुद्राकडे पाठ होते, आणि ‘मागे लाट आली पाहिजे’ म्हणून माणूस कडेला सरकतो. माझा साधा नियम: फोटो काढणाऱ्याने समुद्राकडे तोंड करायचं आणि दुसऱ्या एकाने मोठ्याने लाटा बोलायच्या. पाण्याच्या कडेपासून दहा पावलांच्या आत फोटो नाही.

तपासणी: दर दहा मिनिटांनी घड्याळ आणि माणसं मोजा. कागदावरची वाळूवर पोचायची वेळ अर्ध्या तासावर आली असेल तर डबकी सोडून चालू लागा.

८. कोणी पाण्यात पडलं तर

मागोमाग उडी मारू नका. पोहता येतं म्हणून मारलेल्या उडीत दुसरा माणूस जातो. गोदेवर पोहायला शिकलेल्याला खडकावर आपटणारी लाट माहीत नसते. तो दोरी बांधलेला कॅन फेका. बंद कॅन तरंगतो आणि छातीशी धरला की माणसालाही तरंगत ठेवतो. दोरीचं दुसरं टोक उभ्याने ओढू नका, बसून, पाय दगडाला अडकवून ओढा. एकाने पडलेल्या माणसावर बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही, कारण फेसात डोकं दिसेनासं होतं. एकाने फोन करायचा: ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४. खाली रेंज नसेल तर देवळाकडे माणूस पळवा.

९. वाळूवर आल्यानंतर

सगळी माणसं मोजा आणि खोलीच्या मालकांना “आलो” म्हणून कळवा; निघताना त्यांना सांगून गेला असालच. कालवांचे ओरखडे किरकोळ वाटले तरी गोड्या पाण्याने लगेच धुवा, कोकणच्या दमट हवेत ते चिघळतात. बूटही गोड्या पाण्यात बुचकळून काढा, नाहीतर नाशिकला पोचेपर्यंत शिवणीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात.

मग अंघोळ, नाश्ता, आणि अकराच्या आत गाडी रस्त्याला लावा. म्हसळ्याची वळणं उजेडात निघून जातात, आणि कसारा घाट अंधार गडद व्हायच्या आत चढून होतो.